तहान लागायच्या आधी

भिंगरीच्या दादाने त्या शिष्यवृत्तीचं नाव पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा अर्ज बंद व्हायला जेमतेम आठवडा उरला होता. त्याचं बारावीचं वर्ष होतं. गणितात तो शाळेत पहिला, भौतिकशास्त्रातही कोणाला फारसं पुढे जाऊ न देणारा. कॉलेजची फी, वसतिगृह, पुस्तकं, सगळा भार ती शिष्यवृत्ती उचलणार होती, तोही थेट पदवी मिळेपर्यंत. दादा अर्ज घेऊन धावतच घरी आला आणि आईसमोर ठेवून म्हणाला, "आई, हे माझ्यासाठीच काढल्यासारखं वाटतंय."

पहिलं पान वाचून कोणालाही तसंच वाटलं असतं. दुसऱ्या पानावर मात्र एक अट होती. अर्जदाराने आपल्या परिसरात किमान दोन वर्षं सातत्याने एखादं काम केलेलं असावं, आणि ते काम जवळून पाहिलेल्या दोघांनी तसं लिहून द्यावं.

दादाने सातत्याने केला होता तो अभ्यास. बाकी काही नाही. शेजारच्या एकाने सल्ला दिला, "लिही की काहीतरी. कोण बघायला येतंय?" दादा अख्खा रविवार कागद पुढ्यात घेऊन बसला. संध्याकाळी त्याने अर्जाची घडी घातली आणि तो कपाटात कपड्यांखाली सरकवून दिला. खोटं लिहिणं त्याला जमलं नाही. परीक्षा झाली, निकाल उत्तम लागला, आणि पाठोपाठ तो टायरच्या दुकानात कामाला लागला. बाबा घरांना रंग द्यायचे, पण शिडीवरून पडून गुडघा दुखावल्यापासून त्यांना उंचावरची कामं जमत नव्हती. कोणीतरी कमावायला हवंच होतं. दादाला घरात कोणी काही बोललं नाही. फक्त बाबा त्या दिवसांत जेवताना मान वर करत नसत.

भिंगरी तेव्हा नुकती नववीत गेली होती. एका जागी बसणं म्हणजे काय हे तिला ठाऊकच नव्हतं, म्हणून बाबांनीच तिला ते नाव ठेवलं होतं. एका सुट्टीच्या दिवशी दादाने तिला हाताला धरून खाली बसवलं.

"तुला कॉलेजला जायचंय ना?"

"त्याला अजून किती वर्षं आहेत, दादा."

"म्हणून तर आज विचारतोय. मी तहान लागल्यावर विहीर खणायला निघालो होतो. तुझी आत्ताच खणायला घ्यायची."

"खणणार कोण?"

"तू. मी काठावर उभा राहून ओरडणार."

भिंगरी हसली, पण दादा हसत नव्हता. दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो टायरच्या दुकानातून निघाला आणि आपल्या जुन्या शाळेच्या ग्रंथालयात जाऊन उभा राहिला. तिथल्या ग्रंथपालबाई एक चष्मा नाकावर आणि दुसरा डोक्यावर ठेवून वावरायच्या, आणि आयुष्यभर हळू बोलायची सवय लागल्यामुळे रस्त्यातही कुजबुजल्यासारख्याच बोलायच्या. दादाने येण्याचं कारण सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही चष्मे काढून ठेवले.

"मुलं माझ्याकडे बारावीत येतात आणि विचारतात, बाई, काय लिहू?" त्या म्हणाल्या. "नववीत येऊन, बाई, काय करू, असं कोणी विचारत नाही. बहिणीला घेऊन ये."

बाईंनी भिंगरीला नीट समजावून दिलं. कोणती शिष्यवृत्ती कोणत्या वर्षी निघते, कुठे नुसते गुण बघतात आणि कुठे माणूस बघतात. ऐकून भिंगरीला इतका जोर चढला की तिने त्या महिन्यात जे दिसेल त्यात नाव घातलं. झाडं लावणाऱ्यांत नाव, वादविवादात नाव, चित्रकलेच्या वर्गात नाव, रस्ता साफ करणाऱ्या पोरांतही नाव. सगळीकडे ती एकेकदा गेली. चित्रकलेच्या सरांना तर तिचा चेहराही आठवेना.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," दादा म्हणाला. "एकच काहीतरी धर आणि सोडू नको."

"पण कुठलं?"

त्याचं उत्तर आईच्या बोलण्यातून आलं, आणि आईला त्याचा पत्ताही नव्हता. आई एका विरंगुळा केंद्रात मदतनीस होती. घरातली माणसं कामावर गेली की म्हातारी मंडळी दिवसभर तिथे येऊन बसत, वाचत, खेळत, आणि मुख्य म्हणजे भांडत. रोजचं भांडण आई जेवताना सांगायची.

"आज परत तेच," ती म्हणाली. "हॉर्नआजोबा म्हणाले, खिडकी लावा. मास्तरीणबाईंना ऐकू आलं, चिडकी बाई. अर्धा तास बोलत नव्हत्या त्यांच्याशी."

हॉर्नआजोबा आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. स्वतःला ऐकू येत नसल्याने ते इतक्या मोठ्याने बोलायचे की त्यांचं ते नाव पडलं होतं. मास्तरीणबाई शाळेत भाषा शिकवायच्या.

"कानाचं यंत्र नाहीये का त्यांच्याकडे?" भिंगरीने विचारलं.

"आहे की, दोघांकडेही आहे. निम्म्या केंद्राकडे आहे. पण शिट्टी वाजते म्हणे, नाहीतर काहीच ऐकू येत नाही म्हणे. ड्रॉवरमध्ये पडलीयत सगळी."

भिंगरीचा घास हातातच राहिला. दादानेही तिच्याकडे पाहिलं. शनिवारी शाळा नव्हती आणि भिंगरी आईबरोबर केंद्रात गेली.

यंत्रं निघाली ती कुठून कुठून. कोणाचं रुमालात बांधलेलं, कोणाचं चष्म्याच्या डबीत, एकाचं तर औषधाच्या बाटलीत. बारीक नळ्या पिवळ्या पडून कडक झालेल्या, कानात बसायच्या भागाच्या भोकात मळ अडकलेला, काहींच्या आत सेल गंजून चिकटलेले. भिंगरीने लगेच केसांतली पिन काढली आणि एक भोक टोकरायला घेतलं. आईने तिच्या हातावर चापट मारली.

"ज्यातलं कळत नाही त्यात हात घालायचा नाही. आधी शिकून ये."

हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत कानाच्या यंत्रांचं एक छोटं दुकान होतं. दुकान चालवणाऱ्याला सगळे यंत्रवाले काका म्हणत. डोळ्याला भिंग लावून ते एक यंत्र न्याहाळत होते. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही.

"शाळेचा प्रकल्प का? तो तिकडे तक्ता आहे, फोटो काढ आणि जा."

"प्रकल्प नाही, काका. मला यंत्रं साफ करायला शिकायचंय. दोन वर्षं तरी करायचंय."

आता काकांनी भिंग बाजूला केलं. "दोन वर्षं? इतकं नेमकं?"

"शिष्यवृत्तीची अट आहे तशी."

काका खळखळून हसले. "एखादी म्हणाली असती, मला म्हाताऱ्यांचा फार कळवळा आहे. खरं बोललीस, बरं केलंस. ते स्टूल ओढ आणि बस."

पुढचे कितीतरी दिवस ती शाळा सुटल्यावर त्या स्टुलावर बसली. सुरुवातीला काकांनी तिला फक्त बघू दिलं, मग टाकाऊ यंत्रांवर हात बसवू दिला. कानात बसणारा भाग काढून कोमट पाण्याने कसा धुवायचा, नळीतलं पाणी रबराच्या फुंकणीने कसं उडवायचं, कडक झालेली नळी कापून नवी किती लांबीची घालायची. सेलवरचा कागद सोलला की लगेच बसवायचा नाही, जरा हवा लागू द्यायची. काकांनी दोन गोष्टी मात्र बजावून ठेवल्या. यंत्राचं पोट कधी उघडायचं नाही, आणि कोणाच्या कानात काहीही घालायचं नाही. मळ कानात असेल तर डॉक्टर, बिघाड आत असेल तर काका.

असं ते शनिवारचं टेबल सुरू झालं. केंद्रातल्या खिडकीपाशी पत्ते खेळायचं एक जुनं टेबल होतं, तेच तिला मिळालं. पहिलं गिऱ्हाईक हॉर्नआजोबा. त्यांचं यंत्र धुऊन, वाळवून, नळी बदलून तिने त्यांच्या हातात दिलं. आजोबांनी ते कानात बसवलं. मान इकडून तिकडे फिरवत राहिले.

"हा कसला आवाज येतोय?" त्यांनी हळू विचारलं. त्यांचा हळू आवाज केंद्रात कोणी ऐकलेलाच नव्हता.

"पंख्याचा आहे, आजोबा."

"हा पंखा एवढा खडखडतो?"

"कधीपासून खडखडतोय," मास्तरीणबाई शेजारून ओरडल्या.

"अहो, मग ओरडता कशाला? मी काय बहिरा आहे?"

पुढच्या शनिवारी टेबलापाशी रांग लागली. केंद्रातली भांडणं काही थांबली नाहीत, उलट आता एकमेकांचं नीट ऐकू येत असल्याने ती अधिक मुद्द्याची झाली. एका आजींनी मात्र यंत्र कानातून काढून परत टेबलावर ठेवलं. "शांत होतं तेच बरं होतं गं," त्या म्हणाल्या. भिंगरीला वाईट वाटलं. तिने आग्रह केला नाही, यंत्र साफ करून डबीत घालून दिलं. काही आठवड्यांनी त्या आजी आपण होऊन आल्या. नातू बोलायला लागला होता.

दहावीच्या वर्षात मात्र शनिवार टोचायला लागला. मैत्रिणी पोहायला जायच्या, सिनेमाला जायच्या आणि सोमवारी वर्गात त्याच गप्पा. एका शनिवारी भिंगरीने कोणाला काही न सांगता दांडी मारली आणि मैत्रिणींबरोबर तलावावर गेली. दिवस फार मजेत गेला. पुढच्या शनिवारी ती केंद्रात गेली तेव्हा मास्तरीणबाई खिडकीपाशी बसल्या होत्या.

"मागच्या शनिवारी यंत्र बंद पडलं होतं," त्या म्हणाल्या. "तू येशील म्हणून बसून राहिले. त्या संध्याकाळी नातीचं गाणं होतं. पहिल्यांदाच स्टेजवर उभी राहिली. छान गायली असं सगळे सांगतात."

त्यांनी एवढंच सांगितलं. रागावल्या नाहीत. भिंगरीने यंत्र हातात घेतलं. नळीत पाण्याचा एक थेंब अडकला होता. फुंकणीने एकदा फुंकलं की झालं असतं. घरी आल्यावर दादाने विचारलं तेव्हा तिला रडू फुटलं. त्यानंतरही एखाद्या शनिवारी तिला जाता आलं नाही, पण कळवल्याशिवाय ती कधी चुकली नाही.

इकडे दादाने स्वयंपाकघराच्या दाराला एक मोठं कॅलेंडर लावलं होतं. टायरच्या दुकानातून आला की तो साबण लावून लावून हात धुवायचा, नखांतला काळेपणा जाईपर्यंत, आणि मगच तिच्या कागदांना हात लावायचा. दहावीतच त्याने आणि ग्रंथपालबाईंनी मिळून तिला एका लहानशा शिष्यवृत्तीला बसवलं. वर्षाची पुस्तकं मिळायची, बाकी काही नाही.

"नापास व्हायचं तर अशा ठिकाणी व्हावं," बाई म्हणाल्या. "दुखत नाही आणि शिकायला मिळतं."

भिंगरी नापासच झाली. तिचा निबंध घेऊन बाई बसल्या आणि त्यांनी पहिलं वाक्य आपल्या बारीक आवाजात वाचून दाखवलं. "'आजच्या विज्ञानयुगात वृद्धांच्या समस्या उत्तरोत्तर गंभीर बनत चालल्या आहेत.' हे वाक्य तू कधी कोणाशी बोलली आहेस?"

"नाही, बाई."

"मग लिहिलंस कशाला?"

"निबंधात असंच लिहितात ना."

"म्हणूनच सगळ्यांचे सारखे दिसतात. हॉर्नआजोबांनी पंख्याबद्दल काय विचारलं ते मला तू सांगितलं होतंस. ते कुठे आहे यात?"

ते कुठेच नव्हतं. भिंगरीने कोरा कागद घेतला. त्या वर्षी तिने तो निबंध कितीदा लिहिला याची गणती नाही. घाई नव्हती, हेच मोठं सुख होतं. नाही जमलं तर पुढच्या महिन्यात परत बघू, असं म्हणता येत होतं.

खरा फटका बसला तो अकरावीत. केंद्राला नव्या व्यवस्थापकबाई आल्या. शिस्तीच्या, कडक इस्त्रीच्या, कोपऱ्यातलं जाळंसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. पहिल्याच शनिवारी त्या टेबलापाशी आल्या.

"तुझं वय काय? प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आहे?"

"नाही, पण काकांनी शिकवलंय..."

"उद्या कोणाचं यंत्र बिघडलं तर जबाबदार कोण? हे बंद करायचं."

टेबल बंद झालं. म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, बाईंनी ऐकून घेतली, पण निर्णय बदलला नाही. घरी दादा खवळला. "मी उद्या जाऊन बोलतो त्यांच्याशी. फुकट काम करणाऱ्या पोरीला असं वागवतात?"

"तू काही जायचं नाहीस," आई म्हणाली. "माझी नोकरी आहे तिथे. आणि बाई चुकीचं काय बोलल्या? मी तरी काय केलं होतं, हातावर चापटच मारली होती ना?"

बाबा सहसा असल्या बोलण्यात पडत नसत. त्या दिवशी ते म्हणाले, "शिडी कुठे लावायची ते भिंतीला विचारावं लागतं. त्यांनाच विचार, काय केलं तर चालेल म्हणून."

भिंगरीने दोन दिवस विचार केला आणि शाळा सुटल्यावर एकटीच व्यवस्थापकबाईंच्या खोलीत गेली. "मॅडम, मी वाद घालायला आले नाही," ती म्हणाली. "काय असलं तर तुम्ही परवानगी द्याल, तेवढं सांगा."

बाईंना ही अपेक्षा नव्हती. त्यांनी खुर्ची दाखवली. "जाणकार माणसाने जबाबदारी घेतली पाहिजे. ज्यांची यंत्रं आहेत त्यांची संमती पाहिजे. आणि तू काय करतेस, काय करत नाहीस, हे मला स्पष्ट कळलं पाहिजे."

भिंगरी तडक हॉस्पिटलमागच्या गल्लीत गेली. काकांनी सगळं ऐकलं, हातातलं काम पूर्ण केलं आणि म्हणाले, "शनिवारी दुपारी दुकान बंद ठेवतो. माझ्यासमोर काम कर, त्यांना बघू दे." संमतीचं काम मास्तरीणबाईंनी अंगावर घेतलं. त्यांनी एकेकाला पकडून सह्या घेतल्या आणि ज्यांनी यंत्र कधी वापरलंच नव्हतं त्यांच्याही घेतल्या. शनिवारी व्यवस्थापकबाई टेबलासमोर खुर्ची टाकून बसल्या. भिंगरीने एक यंत्र साफ करून दिलं. दुसरं हातात घेतलं, कानाला लावून ऐकलं आणि बाजूला ठेवलं.

"हे का नाही करत?" बाईंनी विचारलं.

"याचा बिघाड आत आहे, मॅडम. हे माझं काम नाही, काकांचं आहे."

बाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी नुसती मान डोलावली. पुढच्या शनिवारी टेबल पुन्हा सुरू झालं. मध्ये बरेच आठवडे वाया गेले होते. दादाने कॅलेंडरपाशी उभं राहून हिशेब केला आणि त्याला हायसं वाटलं. दहावीनंतर सुरू केलं असतं तर त्या खंडाने दोन वर्षांची अट मोडली असती. नववीत सुरू केल्यामुळे खंड वजा करूनही दोन वर्षं भरत होती.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली. ग्रंथालयात बसून दादा भिंगरीची कागदपत्रं लावत होता, तेव्हा बाईंनी त्याच्यापुढे एक माहितीपत्रक सरकवलं. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचं इंजिनियरिंगच्या पदवीचं कॉलेज होतं आणि त्याची वेगळी शिष्यवृत्ती होती. एकाच ठिकाणी तीन वर्षं काम केलेलं असावं, एवढीच मुख्य अट.

"हे कोणासाठी, बाई?" दादाने विचारलं.

भिंगरीने हसू दाबलं. "तुझ्यासाठी. पुढच्या वर्षी तुझी तीन वर्षं भरतात. मी मोजलीयत."

"माझं वय गेलं आता त्याचं."

"दादा, तुझं वय बघून अजून दुकानाचे शेठ तुला पोरगा म्हणतात. तू माझ्यासाठी सगळं आधीपासून बघतोस. तुझं कोण बघणार?"

दादाने पत्रक घडी घालून खिशात ठेवलं. महिन्याभराने घरातल्या कॅलेंडरवर निळ्या शाईच्या खुणा दिसायला लागल्या. भिंगरीच्या खुणा लाल होत्या.

बारावी सुरू झाली. शिष्यवृत्तीचे अर्ज निघाले तेव्हा वर्गातली मुलं इकडून तिकडे धावत होती. कोणी एका दिवसात वृद्धाश्रमात फळं वाटून फोटो काढून आणला, कोणी ओळखीच्या डॉक्टरांकडून पत्र लिहून घेतलं. भिंगरीला एकच अडचण होती. एक पत्र यंत्रवाले काका देणार होते. दुसरं कोणाकडून मागायचं? आई घरचीच, म्हणून तिची साक्ष चालणार नव्हती. मास्तरीणबाई तयार होत्या, पण ग्रंथपालबाईंनी विचारलं, "तुझं काम सगळ्यात बारकाईने कोणी पाहिलं?"

भिंगरीला उत्तर माहीत होतं. ती व्यवस्थापकबाईंच्या खोलीत गेली.

"मी?" बाई म्हणाल्या. "मी तुझं टेबल बंद केलं होतं."

"म्हणूनच, मॅडम."

बाईंनी डायरी उघडून तारखा पाहिल्या. "मला दोन आठवडे दे. घाईत लिहिलेलं मला चालत नाही."

दोन आठवडे तिच्याकडे होते. कितीतरी जास्त होते.

मुलाखतीला बोलावणं आलं. दादाने सराव म्हणून तिला असे प्रश्न विचारले की बाबाही शेवटी म्हणाले, पोरीला श्वास तरी घेऊ दे. मुलाखतीच्या खोलीत लांब टेबलामागे तिघं बसली होती. पहिले काही प्रश्न ओळखीचे निघाले. पुढे काय शिकायचंय, या प्रश्नावर तिने कान आणि आवाज यांचं शास्त्र शिकायचं आहे असं सांगितलं. यंत्राचं पोट उघडायचा अधिकार आता मला हवाय, असंही म्हणाली. तेव्हा एक सदस्य हसले. मग टोकाला बसलेल्या बाईंनी, ज्या तोवर काहीच बोलल्या नव्हत्या, विचारलं, "एक खरं सांग. हे काम तू शिष्यवृत्ती मिळावी म्हणूनच सुरू केलंस ना?"

हा प्रश्न दादाने विचारला नव्हता. भिंगरीने हात मांडीवर घट्ट धरले.

"हो," ती म्हणाली. "माझ्या दादाला तुमची ही अट शेवटच्या आठवड्यात कळली. तो माझ्यापेक्षा हुशार आहे. तो आत्ता टायरच्या दुकानात आहे. म्हणून मी नववीतच काम शोधायला लागले. पहिलं वर्ष मी शनिवार मोजत होते."

"आणि नंतर?"

तिने मास्तरीणबाईंच्या नातीच्या गाण्याची गोष्ट सांगितली. काही वाढवलं नाही, काही लपवलं नाही. "त्यानंतर मोजायचं राहून गेलं," ती म्हणाली.

"आम्ही नाही म्हणालो तर शनिवारी काय करशील?"

"या शनिवारी का? काही यंत्रं वाळत ठेवून आलेय. ती परत द्यायचीत."

टोकाच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ये तू."

निकाल लागला तो एका गुरुवारी दुपारी. दादा एका गाडीचं चाक काढून बसला होता. त्याने काळ्या बोटाने फोनवर यादी उघडली, वरपासून वाचली आणि मध्येच थांबला. बोट पुसून परत वाचली. मग पाना तिथेच टाकून उठला. "शेठ, आलोच," एवढंच तो म्हणाला आणि रस्त्याने पळत सुटला, ऑइलने माखलेल्या कपड्यांनिशी. शाळेच्या फाटकात पहारेकऱ्याने त्याला अडवलं. त्याला धड बोलता येईना म्हणून त्याने फोनच पुढे केला. पहारेकऱ्याने वाचलं आणि फाटक पूर्ण उघडलं.

भिंगरी ग्रंथालयात होती. दादा दारात उभा राहून धापा टाकत होता. ग्रंथपालबाईंनी त्याच्या हातातून फोन घेतला, नाकावरचा चष्मा काढून डोक्यावरचा लावला, आणि मग पोरांनी त्यांचा खरा आवाज पहिल्यांदाच ऐकला. खणखणीत होता. समोरच्या इमारतीतल्या वर्गातून माना बाहेर आल्या. भिंगरी जागची हललीच नाही. दादाने तिला उचललं तेव्हा तिच्या पांढऱ्या शर्टावर त्याचे दोन्ही पंजे उमटले. आईने तो शर्ट पुढे धुतला, पण फार घासला नाही.

संध्याकाळी बाबांना कळलं तेव्हा ते एका घराच्या बैठकीत खालची पट्टी रंगवत होते. त्यांनी ब्रश नीट धुतला, डबा बंद केला, घरमालकाला म्हणाले, "आज एवढंच. माझी मुलगी कॉलेजला चाललीय." आणि दुखऱ्या गुडघ्याने घरापर्यंत चालत आले, वाटेत भेटेल त्याला सांगत.

केंद्रात तर तीन दिवस दुसरा विषय नव्हता. हॉर्नआजोबांनी यंत्र कानात असूनही पूर्वीच्या आवाजात सगळ्यांना बातमी सांगितली. व्यवस्थापकबाईंनी टेबलाशेजारी एक छापील पाटी लावली. शनिवारी दुपारी यंत्रांची देखभाल, असं तिच्यावर लिहिलं होतं. काकांनी हे काम दर आठवड्याला स्वतः करायचं कबूल केलं होतं. "दुकानात कोण येतं शनिवारी," ते म्हणाले, "आणि इथे भांडणं ऐकायला मिळतात."

दादाचा निकाल काही आठवड्यांनी आला. त्याला पहिल्या फेरीत शिष्यवृत्ती मिळाली नाही. यादीत तो प्रतीक्षेत होता. भिंगरी त्याच्यापेक्षा जास्त अस्वस्थ होती. दादा मात्र रोज कामाला जात राहिला, संध्याकाळी हात धुऊन गणिताची जुनी पुस्तकं काढून बसत राहिला. दुसऱ्या फेरीत त्याचं नाव आलं. शेठनी त्याला दुकानातून संध्याकाळी लवकर सोडायचं मान्य केलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली की आपल्याकडे चाक बदलायला इंजिनियर आहे. "शेठ, अजून झालो नाही," दादा म्हणायचा. "होशील की," शेठ म्हणायचे, "मी आधीपासून सांगून ठेवतोय."

भिंगरीला वसतिगृहात सोडायला आई आणि बाबा गेले. दादा गेला नाही. नेमक्या त्याच दिवशी त्याचा पहिला तास होता. आईने जिना चढताना ट्रंकेचं एक टोक धरलं, बाबांनी दुसरं, आणि भिंगरी दोघांच्या मागून, सोडा हो, मी घेते, असं म्हणत चढत राहिली. खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकीतून मैदान दिसत होतं. आईने पलंगावर चादर घातली. बाबांनी सवयीने भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "रंग बरा दिलाय."

सामान लावून झाल्यावर भिंगरीने दादाला फोन केला. फोन वाजत राहिला आणि बंद झाला. थोड्या वेळाने त्याचा निरोप आला. तिने तो वाचला आणि फोन आईच्या हातात दिला.

वर्गात आहे, नंतर बोलतो, असं त्यात लिहिलं होतं.

आईने ते वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि फोन बाबांकडे दिला.